निळ्या पडद्याचा इतिहास : दोष कुणाचा आणि बोल कुणाला

आजचा भाग मी चेन्नईतल्या अण्णा नगरमधून, माझ्या राहत्या घरातून बोलतोय. आपल्या या मालिकेत राजे येतात, लढाया येतात, तह येतात. आज विषय जरा वेगळा आहे. तो तुमच्या टेबलावर बसलेला आहे. चालता चालता संगणक अचानक बंद पडतो, पडदा निळा होतो, त्यावर पांढऱ्या अक्षरात काहीबाही उमटतं आणि तासाभराचं काम गेलेलं असतं. हे एकदा झालं तर आपण सोडून देतो. दर दोन दिवसांनी व्हायला लागलं की घरात भांडणं लागतात. या निळ्या पडद्यालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पुणं आहे, चेन्नई आहे, लाहोरसुद्धा आहे.

पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

शेजारच्या आजोबांचा संगणक

मी मूळचा पुण्याचा. नोकरीनिमित्त चेन्नईत आलो आणि इथलाच झालो. संगणक दुरुस्तीचं काम केलेलं असल्यामुळे कॉलनीत कुणाचा संगणक बिघडला की हाक मला यायची. गोष्ट २००८ सालची. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. तंजावरी मराठी बोलणारं घराणं, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वडिलोपार्जित मोडी कागदांचं एक बोचकं होतं. ते कागद स्कॅन करून, जमेल तेवढं वाचून, घराण्याची वंशावळ टाइप करून ठेवायची हा त्यांचा ध्यास. त्यासाठी पेन्शनमधून संगणक घेतला, स्कॅनर घेतला. विंडोज एक्सपीचा जमाना होता.

महिन्याभरात संगणक बंद पडू लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. मी गेलो आणि आमच्या धंद्यातली ठरलेली वाक्यं बोललो. ‘रॅम गेली असेल.’ मुंबईला लॅमिंग्टन रोड तशी आमच्याकडे रिची स्ट्रीट, माउंट रोडच्या बाजूची. तिथून नवी रॅम आणून बसवली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. मग एसएमपीएस बदलला. पुन्हा तेच. मग विंडोज नव्यानं टाकलं. एकदा नव्हे, तीनदा.

शेवटी बोट दाखवायला एकच जागा उरली होती. त्यांचा चौदा वर्षांचा नातू त्यावर गेम खेळायचा. मी म्हणालो, ‘पोरगं काहीतरी डाउनलोड करत असणार.’ झालं. पोराला संगणकाजवळ बसायची बंदी झाली. तो रडून सांगत होता की मी काही केलं नाही. माझा शब्द घरात तज्ज्ञाचा होता, त्यामुळे त्याचं कुणी ऐकलं नाही. चार महिने ती बंदी होती.

खरं कारण काय होतं ते सांगतो, पण त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

यंत्राच्या आतलं माजघर

संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम सारख्या अधिकाराचा नसतो. आपल्या जुन्या वाड्यात ओसरी असते आणि आत माजघर, देवघर असतं. ओसरीवर कुणीही येऊन बसतं. माजघरात घरच्यांनाच मुभा. तसंच प्रोसेसरमध्ये असतं. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ३८६ चिपमध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या होत्या, शून्य ते तीन. विंडोजनं त्यातल्या दोनच वापरल्या. तिसऱ्या पायरीवर आपले नेहमीचे प्रोग्रॅम, आणि शून्यावर खुद्द विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल.

वर्डसारखा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो, बाकीचं घर चालू राहतं. पण शून्य पायरीवरच्या कुणी चूक केली तर सगळ्या यंत्राच्या स्मृतीला धक्का लागू शकतो. अशा वेळी चुकीची माहिती हार्ड डिस्कवर लिहिली जाण्याआधीच विंडोज स्वतः होऊन थांबतं. लोकलमध्ये साखळी ओढतात तसं. म्हणजे निळा पडदा हा बिघाड नव्हे. बिघाड आधीच झालेला असतो आणि त्यातून होणारं आणखी नुकसान टाळण्यासाठी हा पडदा येतो. हे लक्षात न घेतल्यामुळे आपण पडद्यालाच शिव्या घालतो.

मग या माजघरात विंडोजशिवाय कोण असतं? तिथे ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांशी बोलणारा छोटा दुभाषा प्रोग्रॅम. तो विंडोज बनवणारी कंपनी लिहीत नाही, बहुतेक वेळा उपकरण बनवणारी लिहिते. पाहुणा परका, पण त्याला माजघराची किल्ली दिलेली. आपल्या गोष्टीतला सगळा पेच या किल्लीचा आहे.

निळा रंग कुठून आला

मायक्रोसॉफ्टनं १९८८ साली डिजिटल कंपनीतून डेव्ह कटलर यांना आणलं आणि नव्या पद्धतीची विंडोज लिहायला घेतली. ती १९९३ साली ‘विंडोज एनटी’ नावानं बाजारात आली. तिच्यातला निळा पडदा जॉन व्हर्ट या अभियंत्यानं लिहिला. निळाच का? त्यानं नंतर सांगितलेलं कारण साधं आहे. तो ज्या यंत्रावर काम करायचा त्याचा सुरुवातीचा पडदा निळ्यावर पांढरा होता, आणि तो जो एडिटर वापरायचा तोही तसाच होता.

‘हा पडदा स्टीव्ह बामरनं लिहिला’ असं वाचायला मिळतं. ते अर्धवट खरं आहे. बामर यांनी लिहिला तो विंडोज ३.१ मधला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणारा मजकूर. दोन्हींचा रंग निळा, म्हणून गल्लत झाली.

१९९६ साली विंडोज एनटी ४.० आली. तिचा वेग वाढवण्यासाठी पडद्यावरची चित्रं काढणारा बराचसा भाग ओसरीवरून उचलून माजघरात नेला गेला. वेग वाढला, पण ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची चूक आता सगळं यंत्र पाडू शकत होती. वेग आणि सुरक्षितता यांतला हा सौदा पुढे अनेकदा झाला.

२० एप्रिल १९९८ या दिवशी तर गंमतच झाली. शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर होते. त्यांचा सहकारी ख्रिस कापोसेला विंडोज ९८ दाखवत होता. बाहेरचं उपकरण जोडलं की विंडोज आपोआप त्याचा ड्रायव्हर शोधते, हे वैशिष्ट्य दाखवायला त्यानं एक स्कॅनर जोडला. पडदा निळा. सभागृह हसण्यात बुडालं. गेट्स यांनीही हसत सांगितलं की म्हणूनच हे अजून विक्रीला काढलेलं नाही. लक्षात घ्या, तोही स्कॅनरच होता.

चोर आणि पहारेकरी

आता दुसरा धागा. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. फ्लॉपीतून पसरणारा, आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. त्यांनी त्यात स्वतःची नावं आणि फोन नंबरही घातले होते.

व्हायरस आले तसे त्यांवर इलाज करणारे आले, आणि इथे आपल्या माणसांचं नाव घ्यायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर. दहावीनंतर शिक्षण सुटलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्ती शिकले, मग स्वतःचं दुकान काढलं, मग संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभं राहिलं. २००७ साली कंपनीलाही तेच नाव मिळालं आणि २०१६ साली ती शेअर बाजारात नोंदली गेली. मराठी माणूस धंद्यात मागे असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. आणि आमचं चेन्नई? इथे १९९१ साली जे. केशववर्धन यांनी ‘के-सेव्हन कॉम्प्युटिंग’ सुरू केली. तिनं जपानच्या बाजारात नाव कमावलं.

सुरुवातीचे अँटीव्हायरस सोपे होते. फ्लॉपी घाला, तपासा, साफ करा. पण चोर हुशार झाले. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला ‘सीआयएच’ व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर फुटला. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. तो विंडोज ९५ आणि ९८ मध्ये थेट शून्य पायरीवर जायचा, हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर मदरबोर्डवरचा बायॉसही खराब करायचा. तेव्हा दुरुस्तीवाल्यांकडे लागलेल्या रांगा मला आठवतात.

चोर माजघरात शिरतो म्हटल्यावर पहारेकऱ्यालाही माजघरात बसवावं लागलं. अँटीव्हायरसनं आपला ड्रायव्हर कर्नलमध्ये बसवला. कुठलीही फाइल उघडली, लिहिली, की आधी तो पाहणार, मग पुढे जाऊ देणार. हे तर्काला धरून होतं. पण आता तिथे दुभाष्यांबरोबर पहारेकरीही आले, आणि माजघरातल्या पहारेकऱ्याला झोप लागली किंवा भ्रम झाला तर अख्खं घर कोसळणार हे ठरलं.

आकडे काय सांगतात

विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि तिच्याबरोबर एक नवी सोय आली. संगणक कोसळला की त्याचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवता येऊ लागला. त्यातून पहिल्यांदा नेमकं चित्र दिसलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात नोंद आहे की एक्सपीच्या अहवालांतल्या ८५ टक्के कोसळण्यांचं कारण ड्रायव्हर होते. लिनक्सच्या गाभ्याचा अभ्यास झाला तेव्हा तिथेही ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण इतर भागांच्या तिप्पट ते सातपट आढळलं. म्हणजे एका कंपनीला झोडपून उपयोग नव्हता.

२००७ साली विंडोज व्हिस्टा आली. नंतर अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यांनुसार व्हिस्टाच्या नोंदलेल्या कोसळण्यांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाली होती. लोक मात्र व्हिस्टालाच नावं ठेवत होते.

उपाय शोधणाऱ्यांमध्ये आमच्या शहराचा एक विद्यार्थी होता. अण्णा नगरहून दक्षिणेला गेलं की गिंडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय लागतं. १७९४ साली मोजणीची शाळा म्हणून सुरू झालेलं. तिथून शिकलेले श्रीराम राजामणी आणि त्यांचे सहकारी थॉमस बॉल यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात ‘स्लॅम’ नावाचा प्रकल्प केला. ड्रायव्हर प्रत्यक्ष न चालवता, त्याचा मजकूर गणिताच्या पद्धतीनं तपासून, तो नियम कुठे मोडू शकतो हे शोधणारा. उदाहरणार्थ, एक कुलूप लावलं आणि ते न काढता दुसऱ्यांदा लावायला गेला, तर यंत्र अडकणार. अशा चुका माणसाच्या नजरेतून सुटतात. यातूनच ‘स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन तयार झालं आणि व्हिस्टाच्या काळापासून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मिळू लागलं. राजामणी पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूमधल्या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले.

मी काय केलं होतं

आता परत आजोबांकडे. विंडोज एक्सपीमध्ये एक मेख होती. यंत्र कोसळलं की ते आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. निळा पडदा डोळ्यांसमोर लुकलुकून जायचा, वाचायला वेळच नाही. तीन वेळा विंडोज टाकणाऱ्या मला ती सोय बंद करावी हे सुचलं नव्हतं. ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्डच्या पानावर, स्टार्टअप अँड रिकव्हरीत एक खूण असते. ती काढली की पडदा थांबून राहतो.

ती खूण काढली. आजोबांना एक वही दिली आणि सांगितलं, ‘पडदा निळा झाला की हात लावू नका. त्यावरची अक्षरं, तारीख, वेळ आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता, एवढं उतरवा.’ बँकेतला माणूस तो. दोन आठवड्यांत सात नोंदी, सुवाच्य अक्षरात. सातपैकी सहा वेळा ते स्कॅन केलेलं पान जतन करत होते. आणि सातही वेळा पडद्याच्या तळाशी एकाच फाइलचं नाव होतं. नातू त्या दोन आठवड्यांत संगणकाजवळही फिरकला नव्हता.

ती फाइल एका अँटीव्हायरसच्या ड्रायव्हरची निघाली. संगणकात दोन अँटीव्हायरस होते. एक आजोबांनी विकत घेतलेला, दुसरा संगणकाबरोबर आलेल्या सीडीवरचा, काही दिवस फुकट चालणारा. स्कॅनर मोठी फाइल लिहायला गेला की दोन्ही पहारेकरी एकदम तिच्यावर झडप घालायचे आणि त्या ओढाताणीत यंत्र पडायचं. आणि विंडोज नव्यानं टाकल्यावरही दुखणं परत का यायचं? कारण प्रत्येक वेळी मीच, मोठ्या काळजीनं, दोन्ही अँटीव्हायरस पुन्हा टाकत होतो. दोन पहारेकरी असले तर चांगलंच, असा माझा हिशेब.

सेफ मोडमध्ये जाऊन फुकटवाला काढला. त्यानंतर ते यंत्र तसं कोसळल्याचं मी पाहिलं नाही. रॅम, एसएमपीएस यांचे पैसे मी आजोबांना परत दिले, ते त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन घेतले. पण वंशावळीची जी पानं न जतन होता गेली होती ती त्यांना पुन्हा टाइप करावी लागली. आणि पोराचे चार महिने मला परत देता येण्यासारखे नव्हते. मी त्याच्यासमोर, त्याच्या आईवडिलांच्या देखत सांगितलं की चूक माझी होती. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती वही मागायला आला.

१९ जुलै २०२४

पहारेकऱ्यांच्या चुका पुढेही होत राहिल्या. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या रोजच्या अद्ययावत फाइलनं विंडोज एक्सपीच्या एसव्हीसीहोस्ट या स्वतःच्या, अत्यावश्यक फाइललाच व्हायरस समजून बाजूला काढलं. कार्यालयांतली यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडत राहिली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाउन’ या दोषावरचा उपाय आला, तेव्हा काही अँटीव्हायरस कर्नलच्या स्मृतीत नको तिथे हात घालत असल्यामुळे यंत्रं कोसळू लागली. अखेर मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं की अँटीव्हायरसनं आपण सुसंगत असल्याची खूण ठेवल्याशिवाय हा उपाय त्या यंत्रावर जाणार नाही.

आणि मग तो शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, आपल्या वेळेनं, क्राउडस्ट्राइक कंपनीची एक छोटी फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर उतरली. ७८ मिनिटांत कंपनीनं ती मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख यंत्रं निळी झाली होती. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण ती विमानतळांवरची, बँकांतली, रुग्णालयांतली होती. भारतात इंडिगोला सुमारे दोनशे उड्डाणं रद्द करावी लागली. विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. सरकारी एनआयसीचं जाळं सुरळीत राहिलं.

चूक किती साधी होती पाहा. नव्या तपासणीच्या नमुन्यात २१ रकाने होते. ते वाचणाऱ्या ड्रायव्हरला माहिती मात्र २० रकान्यांचीच पुरवली जात होती. पंगतीत २० पानं मांडली आणि यादी २१ जणांची. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असायचं, म्हणून तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशीच्या फाइलीत पहिल्यांदा तिथे खरं काही शोधायला सांगितलं. ड्रायव्हर नसलेलं पान शोधायला मर्यादेबाहेरच्या स्मृतीत गेला. ओसरीवर असता तर एकटा मेला असता. माजघरात होता, म्हणून यंत्र थांबलं. आणि तो यंत्र सुरू होतानाच चालू होणारा असल्यामुळे, यंत्र पुन्हा सुरू केलं की पुन्हा निळं.

इलाज मात्र माझ्या २००८ च्याच जातीचा. सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाइल काढून टाका. पण प्रत्येक यंत्रापाशी माणूस जायला हवा. डिस्क कुलूपबंद असेल तर त्या यंत्राची ४८ आकडी किल्ली हवी. आणि त्या किल्ल्या ज्या संगणकात ठेवल्या होत्या तोही काही ठिकाणी निळा झालेला.

त्या रात्री साडेअकराला मला फोन आला. शेजारचा तोच नातू. आता तिशीचा, बेंगळुरूला एका कंपनीत संगणकांची देखभाल पाहतो. आजोबा जाऊन काही वर्षं झाली. तो म्हणाला, ‘काका, सकाळपासून एकशे चाळीस मशिन केली. वरचे विचारतायत तुम्ही लोकांनी काय केलं. आम्ही काहीच केलं नाही हो.’ मी काय बोलणार? म्हटलं, ‘प्रत्येक मशिनची नोंद ठेवतोयस ना?’ तो हसला. म्हणाला, ‘वही समोर आहे.’

किल्ली कुणाकडे असावी

या घटनेनंतर जुना वाद पुन्हा निघाला. मायक्रोसॉफ्टनं ६४ बिट विंडोजमध्ये कर्नलला हात लावण्यावर २००५ पासूनच निर्बंध आणले होते. २००६ मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी यांनी त्याविरुद्ध उघड ओरड केली. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आम्हाला बाहेर काढाल आणि तुमचा स्वतःचा पहारेकरी आत ठेवाल, तर स्पर्धा कशी राहणार? २००९ साली मायक्रोसॉफ्टनं युरोपीय आयोगाला आश्वासन दिलं की आपल्या सुरक्षा उत्पादनांना जे दरवाजे उघडे आहेत ते इतरांनाही असतील. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं याच आश्वासनाकडे बोट दाखवलं. ॲपलनं मात्र २०१९ पासून मॅकमध्ये अशा प्रोग्रॅमना माजघरातून ओसरीवर आणायला सुरुवात केली होती.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं खरं आहे. एकाच मालकाच्या हातात सगळ्या किल्ल्या गेल्या तर उद्या तो मालकच चुकला तर कोण सांगणार? पण मागेल त्याला किल्ली देणं म्हणजे काय, हे त्या शुक्रवारी दिसलं. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा कंपन्यांबरोबर कर्नलबाहेर चालणाऱ्या व्यवस्थेची चाचणी सुरू केली. त्याच वर्षी विंडोज ११ मधला निळा पडदाही गेला, त्याच्या जागी काळा आला. नव्या पडद्यावर कोसळण्याचा कोड आणि दोषी ड्रायव्हरचं नाव स्पष्ट दिसावं अशी सोय केली आहे. मला रंगापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या घरी असं झालं तर

शेवटी कामाचं. संगणक वारंवार कोसळत असेल तर लगेच सुटे भाग बदलू नका. प्रत्येक वेळचा कोड, फाइलचं नाव, वेळ आणि तेव्हा चाललेलं काम लिहा. मोबाइलनं फोटो काढलात तरी चालेल. पडदा निसटला तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘मिनिडम्प’ नावाचा फोल्डर असतो, तिथे प्रत्येक कोसळण्याची छोटी नोंद राहते. जाणकार माणूस ती वाचू शकतो. नाव दर वेळी तेच येत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. नाव आणि कोड दर वेळी वेगळे, काम कुठलंही, असं असेल तर रॅम तपासून घ्या. आधी काय नवीन बसवलं होतं ते आठवा: नवं उपकरण, नवा ड्रायव्हर, नवा अँटीव्हायरस. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ची सोय असते, तिनं जुना ड्रायव्हर परत येतो. यंत्र सुरूच होत नसेल तर सेफ मोड, कारण तिथे बाहेरचे पाहुणे फारसे नसतात. सतत पहारा देणारा अँटीव्हायरस एकच ठेवा, आणि डिस्कची ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा. आणि हे सगळं होईपर्यंत घरातल्या कुठल्या पोराला बोल लावू नका.

आजोबांच्या मोडी कागदांचं स्कॅनिंग पूर्ण झालं होतं. त्याच्या दोन सीडी केल्या. एक त्यांच्या घरी आहे, एक माझ्याकडे. हल्ली सीडी वाचणारं यंत्रच घरात नाही, म्हणून मागच्या महिन्यात ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि नातवाला पाठवली.